पिकअपचे मालक गाडीवर खूश, मग घरचे नाराज का?

टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या डबल कॅब पिकअपबद्दल मालकांची मतं ऐकली की गोंधळ उडतो. एक जण सांगतो, एवढी दणकट गाडी दुसरी नाही. दुसरा म्हणतो, शहरात नुसता ताप आहे. दोघंही खरंच बोलतात, कारण एक बोलतोय गाडीच्या टिकाऊपणाबद्दल आणि दुसरा रोजच्या सोयीबद्दल.

व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली. हायलक्स २०२२ मध्ये आली तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३३.९९ लाख रुपये होती. एवढा पैसा घालण्याआधी हा फरक समजून घेतलेला बरा.

टिकाऊपणाचं कौतुक कशामुळे?

या गाड्या ट्रकसारख्या लॅडर फ्रेमवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर उभ्या असतात. खड्डे, कच्चा रस्ता, घाट यांचा मार हा सांगाडा झेलतो. हायलक्सचं २.८ लिटर डिझेल इंजिन फॉर्च्युनरमध्येही आहे. त्यामुळे पार्ट आणि ते इंजिन ओळखणारा मेकॅनिक शोधत फिरावं लागत नाही. २००३ मध्ये 'टॉप गियर' या ब्रिटिश कार्यक्रमात जुनी हायलक्स समुद्रात बुडवली, पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या छतावर ठेवली, तरी ती पुन्हा सुरू झाली. तिचा दबदबा तेव्हापासून आणखी वाढला.

म्हणजे काहीच बिघडत नाही?

तसं नाही. अमेरिकेत टोयोटाच्याच टॅकोमा पिकअपच्या फ्रेम गंजल्याच्या तक्रारींवरून खटला झाला. २०१६ मध्ये कंपनीने त्यात तडजोड केली. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा. नाव कितीही मोठं असलं, तरी गाडी खालून धुणं आणि सांगाडा तपासणं चुकवू नये.

बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ही काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच मारल्या, तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा वेळी दोष गाडीपेक्षा वापराचा असतो.

घरच्यांची तक्रार काय?

मागच्या चाकांना बहुतेक पिकअपमध्ये पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग असतात. ते वजन पेलण्यासाठी बनवलेले. हौदा रिकामा असला की गाडी उसळते आणि मागे बसलेल्यांची कंबर दुखते. मागच्या सीटची पाठही बरीच सरळ असते.

दुसरी अडचण लांबीची. दोन्ही गाड्या जवळपास ५.३ मीटर लांब आहेत. स्विफ्टसारखी गाडी ४ मीटरच्या आत बसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि पेठेतल्या गल्लीत हा सव्वा मीटर रोज जाणवतो. शिवाय हौदा उघडा. पावसाळ्यात बॅगा भिजतात आणि गाडी उभी करून जेवायला गेलं, तरी लक्ष सामानाकडे. त्यामुळे वर झाकण बसवण्याचा वेगळा खर्च येतो.

मालासाठी घेतली तर?

इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. बोलेरो पिकअपचे काही प्रकार दीड टनाच्या वर माल नेतात. पाच माणसं बसणाऱ्या डबल कॅब गाडीला कागदोपत्री परवानगी त्यापेक्षा खूप कमी वजनाची असते. त्यामुळे आंब्याच्या पेट्या किंवा खताची पोती हाच धंदा असेल, तर साधी पिकअप कमी पैशात जास्त काम करते.

मग घ्यावी कोणी?

ज्यांचं शेत, साइट किंवा रिसॉर्ट खराब रस्त्यावर आहे आणि ज्यांना माणसं व अवजारं एकाच फेरीत न्यायची असतात, त्यांच्यासाठी ही गाडी आहे. वर्षातून दोनदाच सामान हलवायचं असेल, तर भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो. टेस्ट ड्राइव्हला जाताना हौदा रिकामा ठेवा, घरच्यांना मागे बसवा आणि गाडी आपल्याच गल्लीत वळवून बघा.