३५-३६ आठवड्यांचे बाळ: एकटे असो की जुळे, घरी नेल्यावर काय पाहावे?

‘बाळ सव्वादोन किलोचे आहे, जन्मल्याबरोबर रडले, पेटीतही ठेवावे लागले नाही. मग कागदावर अपुऱ्या दिवसांचे का लिहिले?’ हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. मी बालरोगतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे. पण बाळ घरी आल्यावर आजीचा पहिला फोन बहुधा आमच्यासारख्यांनाच येतो.

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. त्यातही ३४ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३६ आठवडे ६ दिवसांपर्यंतच्या बाळांना डॉक्टर ‘लेट प्रीटर्म’ म्हणतात. अपुऱ्या दिवसांची बहुतेक बाळे याच गटातली असतात. जुळ्यांपैकी तर निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांआधीच जन्मतात. (सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, हा समज अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.)

दिसायला पूर्ण, आतून थोडे मागे

३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोनतृतीयांश असते. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव कमी असू शकतो, म्हणून पहिल्या काही तासांत धाप लागते. अंगावर चरबी कमी, त्यामुळे बाळ लवकर गार पडते. यकृतात साखरेचा साठा थोडा असतो, दोन वेळच्या दुधात अंतर पडले की रक्तातली साखर उतरते. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ अजून नीट बसलेला नसतो, म्हणून बाळ चार घोट घेऊन झोपी जाते. घरात सगळे म्हणतात, ‘किती शांत बाळ आहे!’ मला या शांतपणाचीच काळजी वाटते.

जुळ्यांना धोका जास्त असतो का?

आठवडे सारखे असतील तर जुळ्यांचे आणि एकट्या बाळाचे पहिले दिवस बरेचसे सारखेच जातात. फरक पडतो तो बाळ लवकर का जन्मले यावर. एकटे बाळ लवकर येते तेव्हा अनेकदा त्यामागे आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग किंवा बाळाची खुंटलेली वाढ असते. जुळ्यांत बऱ्याचदा गर्भाशय फार ताणले गेल्यामुळेच कळा लवकर सुरू होतात. जुळ्यांचे वजन मात्र त्याच आठवड्याच्या एकट्या बाळापेक्षा कमी असते, आणि दोघांतही एक लहान, एक मोठे असू शकते.

जुळ्यांत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वार एक आहे की दोन, हा. त्याचे उत्तर ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत नीट मिळते, तो रिपोर्ट जपून ठेवा. एकाच वारेवरच्या जुळ्यांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त जाण्याचा धोका असतो. त्यामुळे सगळे ठीक असले तरी त्यांची प्रसूती बरेचदा ३६ आठवड्यांच्या आसपास ठरवतात. दोन वारा असतील तर ३७-३८ पर्यंत थांबता येते. डॉक्टरांनी लवकरची तारीख दिली म्हणजे काही बिघडले, असे समजू नका.

एकट्या, निरोगी बाळाची गोष्ट वेगळी. मुहूर्त किंवा मामाची सुट्टी पाहून ३७व्या आठवड्यात सिझेरियन मागायला येणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणायला सांगतो. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत.

घरी पहिले दोन आठवडे

दर दोन-तीन तासांनी दूध पाजा, रात्रीसुद्धा, झोपले असेल तर उठवून. ओढताना थकत असेल तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. जुळ्यांत रडणाऱ्याला आधी दूध मिळते आणि लहानखुरे, गप्प बाळ मागे राहते. म्हणून दोघांची वेगळी नोंद एका वहीत ठेवा: दूध किती वाजता प्यायले, शू किती वेळा झाली. पाचव्या दिवसानंतर दिवसात निदान सहा वेळा शू व्हायला हवी. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, पण दोन आठवड्यांच्या सुमारास ते जन्मावेळच्या वजनावर परत यायला हवे.

ऊब देण्यासाठी बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा. बाबा आणि आजीही धरू शकतात, जुळी असतील तर त्यांची मदत लागतेच. धुरी, शेक, मध आणि बाळगुटी नको.

कावीळ या बाळांत उशिरा, पाचव्या-सातव्या दिवशी, वाढते. तोवर बाळ घरी आलेले असते आणि ‘कोवळ्या उन्हात ठेवा, उतरेल’ असा सल्ला मिळतो. उन्हावर विसंबू नका. डिस्चार्जनंतर एक-दोन दिवसांत बाळ दाखवा. प्रकाशोपचाराने ही कावीळ बरी होते, पण हाताबाहेर गेली तर मेंदूला इजा होते.

पुढची वाढ

लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. वजन दोन किलोपेक्षा कमी असेल तर हिपॅटायटिस बीच्या डोसबद्दल विचारून घ्या. ड जीवनसत्त्व आणि लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तेव्हापासून नियमित द्या. मान धरणे, बसणे, चालणे मात्र दोन वर्षांपर्यंत सुधारित वयाने मोजा. ३६ आठवड्यांचे बाळ चार महिन्यांचे झाले की वाढीच्या हिशेबात ते तीन महिन्यांचे धरायचे. शाळेत अभ्यासाच्या अडचणी या गटात किंचित जास्त दिसतात, तरी बहुतेक मुले व्यवस्थित वाढतात.

लगेच दवाखाना गाठा

बाळ दूध ओढेनासे झाले, उठवूनही उठत नाही, हातपाय गार पडले, ताप आला, श्वास मिनिटाला साठपेक्षा जास्त किंवा छाती आत ओढली जाते, झटके आले, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, त्यांना वही दाखवा आणि वजन करून घ्या. जुळी असतील तर एक आजारी असताना दुसऱ्यालाही तपासायला सोबत न्या.