बिऱ्हाड, घर आणि गावाचे नाव : बेने इस्राएलांच्या स्थलांतराची भाषिक साक्ष

१

देशांतर करणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न असतात : नव्या देशात कायमचे राहावयाचे की नाही, आणि राहावयाचे तर कोठे. हे प्रश्न सामान्यतः लोकसंख्याशास्त्राचे किंवा अर्थशास्त्राचे मानले जातात. किती माणसे गेली, कोणत्या वर्षी गेली, कोणत्या गावी वसली, यांचे कोष्टक मांडले की विषय संपला अशी समजूत असते. परंतु भाषेच्या अभ्यासकालाही त्यांत लक्ष घालण्याजोगे पुष्कळ आहे. स्थायिक होण्याच्या ज्या पायऱ्या एखादा समाज चढतो, त्यांच्या खुणा त्याच्या शब्दांत आणि नावांत उरतात. आणि जेथे लेखी साधने मुकी असतात तेथे पुष्कळदा या खुणाच बोलतात.

या दृष्टीने कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. हा समाज दोनदा स्थलांतरित झाला. पहिले स्थलांतर इतके प्राचीन की त्याची केवळ दंतकथा उरली आहे. दुसरे १९४८ नंतरचे, म्हणजे कागदोपत्री नोंदलेले. पहिल्याने हे लोक मराठी भाषक झाले, दुसऱ्याने त्यांची मुले हिब्रू भाषक झाली. एकाच समाजाची ही दोन स्थलांतरे शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. स्थायिक व्हावयाचे की नाही हे जाणारा माणूस एकटा ठरवीत नाही. तो ज्या ठिकाणी जातो ते ठिकाण त्याला कोणत्या नावाने हाक मारते, यावर त्या निर्णयाचा शेवट अवलंबून असतो.

२

प्रथम मराठीतील दोन सामान्य शब्दांकडे पाहावे. मुंबईत नोकरी करणारा कोकणी माणूस पूर्वी मुंबईतल्या आपल्या खोलीला 'बिऱ्हाड' म्हणे आणि गावच्या वास्तूला 'घर' म्हणे. बिऱ्हाडात तो तीस वर्षे राहिला तरी ते बिऱ्हाडच. घरी तो गणपतीला आणि शिमग्याला जाई. म्हणजे 'राहणे' आणि 'वसणे' यांच्यामध्ये मराठीने एक तिसरी अवस्था मानली आहे. बिऱ्हाड करणारा माणूस परतीची वाट मोडीत नाही, पण परततही नाही. स्थलांतराच्या विचारात ही मधली अवस्था फार महत्त्वाची आहे. कारण बहुतेक देशांतरे निश्चयाने सुरू होत नाहीत, ती बिऱ्हाडाने सुरू होतात.

हिब्रूमध्ये याच विषयाची शब्दयोजना निराळी आहे. इस्राएलमध्ये वसावयास जाण्याला 'आलिया' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'चढणे'. देश सोडून जाण्याला 'येरिदा', म्हणजे 'उतरणे'. येथे मूल्यनिर्णय क्रियेच्या नावातच सामावलेला आहे. जाणे वर आणि येणे खाली. बिऱ्हाडासारखी मधली पायरी या जोडीत नाही. परंतु त्याच भाषेत आणखी एक शब्द आहे : 'क्लिता', म्हणजे सामावून घेणे. चढतो तो माणूस. सामावून घेतो तो समाज. दोन क्रिया, दोन कर्ते. हा भेद पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयाचा आहे.

३

परंपरा सांगते की, बेने इस्राएलांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. या कथेचा काळ निश्चित करता येत नाही. परंतु त्यानंतर कोकणात काय घडले, याची साक्ष तीन प्रकारच्या शब्दांत मिळते.

पहिली साक्ष समाजाच्या स्थानिक नावाची. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. या नावाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. 'तेली' या उत्तरपदाने गावच्या व्यवस्थेत त्यांना एक ओळखीची जागा दिली. 'शनवार' या पूर्वपदाने त्यांचा वेगळेपणा नोंदवला. वेगळेपणाची नोंद झाली, पण ती आठवड्याच्या एका वाराइतकीच. त्यांचा देव कोणता, त्यांचे मूळ कोणते, याची विचारपूस त्या नावात नाही.

दुसरी साक्ष सणांच्या नावांची. हिब्रू ग्रंथांशी संबंध तुटला असता या समाजाने शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि 'शेमा' ही प्रार्थना जतन केली. सणही पाळले, पण त्यांना नावे मराठी दिली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून उपवास करीत, तो 'दारफाळणीचा सण'. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण'. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो 'बिरड्याचा रोजा'. या शेवटच्या नावात मंदिराच्या नाशाची स्मृती, कोकणातले वालाचे बिरडे आणि मुसलमान शेजाऱ्यांचा 'रोजा' हा शब्द, असे तीन थर एकत्र आले आहेत. जो समाज आपल्या सर्वांत पवित्र शोकाला शेजाऱ्याच्या शब्दाने आणि स्वयंपाकघरातल्या पदार्थाने ओळखतो, त्याचे बिऱ्हाड मोडून घर झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरी साक्ष आडनावांची. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, आपट्याचे आपटेकर, दिव्याचे दिवेकर. अशी शंभराहून अधिक ग्रामनामे या समाजाच्या आडनावांत जपली गेली आहेत. '-कर' या प्रत्ययाचा अर्थ सामान्यतः 'त्या गावचा रहिवासी' असा दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. किहीमात राहणाऱ्याला किहीमात 'केहिमकर' म्हणून भागत नाही; तेथे सगळेच केहिमकर. हे नाव उपयोगी पडते ते माणूस गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर. म्हणजे '-कर' प्रत्ययान्त आडनाव हे वस्तुतः सोडलेल्या गावाचे नाव आहे, आणि ते देणारा असतो तो नव्या गावचा शेजारी. मूळ गाव आणि नवे गाव या दोहोंच्या सहकार्यावाचून असे आडनाव तयार होत नाही.

कंपनी सरकारच्या पलटणीतील अधिकारी सामुएल एझकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले सभास्थान बांधले. मराठी व्यवहारात त्यांचे नाव समाजी हसाजी दिवेकर असे होते. या एका नावात सारी कहाणी आहे : बायबलमधील दोन नावे, त्यांना लागलेला मराठी '-जी', आणि शेवटी कोकणातले एक गाव.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. कोकणातील हे सामावले जाणे म्हणजे निर्भेळ सुखकथा नव्हे. त्या समाजाने स्वतःतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद मानला होता. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीचे वंशज ते काळे, आणि त्यांच्याशी गोरे बेटीव्यवहार करीत नसत. वंशाच्या शुद्धतेची शंका ही वस्तू त्यांना अपरिचित नव्हती. पुढे तीच शंका त्यांच्यावर उलटली.

४

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि १९५० च्या कायद्याने जगातील कोणत्याही ज्यूस तेथे येऊन वसण्याचा हक्क मिळाला. त्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे २०,००० होती. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते, त्यांचा छळही झाला नव्हता. कारणे निराळी होती : धर्मभावना, इंग्रज गेल्यावर सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांविषयी वाटू लागलेली अनिश्चितता, आणि आधी गेलेल्या नातलगांची पत्रे. ज्याला जावेच लागते त्याला 'जावे की नाही' हा प्रश्न नसतो. यांना तो होता. म्हणूनच त्यांचे उदाहरण अभ्यासास योग्य.

कोठे वसावयाचे हा प्रश्न मात्र त्यांच्या हाती फारसा राहिला नाही. नवे राज्य येणाऱ्यांना सीमाभागात आणि नेगेवच्या वाळवंटात वसवू पाहत होते. बेअर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला या ठिकाणी बेने इस्राएलांची वस्ती झाली. दिमोना १९५५ साली वसवलेले, अश्दोद १९५६ साली. म्हणजे यांपैकी काही ठिकाणी आधीचा शेजारीच नव्हता. मुंबईच्या कचेरीत लेखणी चालवणाऱ्या माणसाला कापडगिरणीत किंवा मृत समुद्राकाठच्या कारखान्यात काम मिळाले. कोकणात गावाने माणसाला नाव दिले होते. अशा ठिकाणी गाव आणि माणूस दोघेही नवे होते, आणि दोघांचे नामकरण सरकारी कचेरीत होत होते.

काम, घर आणि वर्णावरून मिळणारी वागणूक यांविषयी तक्रारी वाढल्या. काहींनी धरणे धरले, काहींनी उपोषण केले. ही साधने त्यांनी कोणत्या देशातून बरोबर नेली होती हे सांगण्याची गरज नाही. त्यांची मागणी एकच : आम्हांस भारतात परत पाठवा. १९५२ ते १९५४ या काळात एकूण ३३७ जणांना परत पाठवण्यात आले.

एवढ्यावर ही घटना संपली असती तर तिचा अर्थ सरळ होता. पण या परतलेल्यांपैकी बहुतेक काही वर्षांनी पुन्हा इस्राएलला गेले. या दुहेरी प्रवासाला धरसोडपणा म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. 'आलिया' आणि 'येरिदा' या जोडशब्दांत न बसणारी, मराठीतली ती मधली अवस्था येथे प्रत्यक्ष दिसते. माणसे देश सोडून गेली होती, पण त्यांनी तेथे बिऱ्हाड केले होते. परत आली तेव्हा त्यांना आढळले की मुंबईतले घरही आता बिऱ्हाडच झाले आहे. नोकरी गेलेली, जागा दुसऱ्याकडे, आणि आप्तांपैकी अनेक समुद्रापलीकडे. घर म्हणजे भिंती नव्हेत, सोयरेधायरे. आणि सोयरे ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला पारडे झुकते.

५

नेमक्या सोयरिकीवरच दुसरा आघात झाला. मराठी समाजाने आपलेपणाच्या दोन कसोट्या मानल्या आहेत : रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. १९५२ चा प्रश्न पहिल्या प्रकारचा होता, काम आणि भाकरीचा. १९६० नंतरचा दुसऱ्या प्रकारचा. बेने इस्राएल वधूवरांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास काही धर्माधिकारी नकार देत होते. या समाजाच्या विवाह व घटस्फोटाच्या जुन्या चाली शास्त्रोक्त होत्या काय, अशी त्यांची शंका होती. १९६१ साली मुख्य धर्मपीठाने असे विवाह निषिद्ध नाहीत असा निर्णय दिला. परंतु १९६२ च्या आदेशाने अशा प्रत्येक विवाहापूर्वी मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असे ठरवले.

देश बदलणारा माणूस हवा सोसतो, हलके काम पत्करतो, अनोळखी लिपी शिकतो. कायमचे राहावयाचे की नाही हा निर्णयही तो वर्षानुवर्षे पुढे ढकलू शकतो. मुलीचे लग्न मात्र पुढे ढकलता येत नाही. त्या एका प्रसंगी त्याला सांगावे लागते की आपण कोण, आणि त्या गावाला सांगावे लागते की हा आपला आहे की नाही. म्हणून १९६२ च्या आदेशाने या समाजाच्या मर्मावर बोट ठेवले. निदर्शने झाली, पुन्हा धरणे झाले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने, क्नेसेतने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असून त्यांचे हक्क समान आहेत असा ठराव केला.

भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत बोलकी वाटेल ती यानंतरची घटना. धर्मपीठाने आदेश मागे घेतला नाही. त्यातील शब्द बदलले. 'बेने इस्राएल' हे नाव काढून त्या जागी, ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, अशा अर्थाचे शब्द घातले. वादाचा निकाल लागला तो एक नाव गाळून. कोकणात शेजाऱ्याने दिलेल्या नावामुळे या समाजाला जागा मिळाली होती. इस्राएलमध्ये त्याचेच स्वतःचे नाव आदेशातून पुसले गेले तेव्हा जागा मिळाली. 'शनवार तेली' हे नाव वेगळेपणा सांगूनही आत घेणारे होते. 'बेने इस्राएल' म्हणजे 'इस्राएलाची मुले', हे नाव एकत्व सांगूनही आदेशात बाहेर ठेवणारे ठरले. शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा वापर यांतील अंतर दाखवणारे इतके नेमके उदाहरण विरळा.

६

आज या समाजाचा फार मोठा भाग इस्राएलमध्ये आहे; अलिबागच्या इस्राएल आळीत थोडीच घरे उरली आहेत. तेथील तरुण पिढीची भाषा हिब्रू आहे. ज्येष्ठांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, मलिद्याचा विधी अजून होतो आणि अनेक कुटुंबांनी '-कर' आडनावे सोडलेली नाहीत. आडनावे कायद्याने स्थिर झाल्यामुळे 'दिमोनकर' होण्याची वाट आता राहिलेली नाही. म्हणून ज्या गावी आजोबाही कधी राहिले नसतील, त्या कोकणातल्या गावाचे नाव नेगेवच्या शाळेच्या हजेरीपटावर वाचले जाते.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. स्थलांतराचा निर्णय हा एका क्षणाचा नसून तो तीन पायऱ्यांचा असतो : बिऱ्हाड, जे माणूस एकटा करतो, घर, जे सोयऱ्यांमुळे होते, आणि गाव, जे शेजाऱ्याने नाव दिल्यावर आपले होते. पहिल्या पायरीची तारीख प्रवासाच्या कागदावर असते. दुसरीची विवाहाच्या नोंदवहीत सापडते. तिसरीची तारीख कोठेच लिहिलेली नसते. ती बोलीत शोधावी लागते. कोकणातील बेने इस्राएलांची बोली जाणणारी पिढी आता वृद्ध आहे. सणांची जुनी नावे, हाकेची रूपे, गावोगावचे उच्चार ही सामग्री ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम त्या पिढीच्या हयातीतच व्हावयास हवे. कारण या समाजाला कोकण केव्हा आपले वाटू लागले, याचा दुसरा पुरावा उपलब्ध नाही.