दिव्याखालची मेथी

एप्रिल लागला की जालना, अंबड, परतूर या भागांतील माझ्या वयस्क रुग्णांना मी सकाळी दहानंतर उन्हात न जाण्याविषयी बजावतो. पारा चाळिशी ओलांडतो, खिडक्यांना जाड पडदे लागतात, एक खिडकी कूलरने अडते. घर थंड होते आणि अंधारेही होते. सल्ला योग्यच असतो. परंतु ज्याची हयात शेतात गेली, त्याने त्या खोलीत दिवसभर करायचे काय, याचे उत्तर माझ्या चिठ्ठीवर नसते. खुब्याचे हाड मोडल्यावर मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरील घरी राहायला आलेल्यांची तर बाराही महिने हीच स्थिती असते.

अशा घरांना मी एलईडी दिव्याखाली चालणारा छोटा वाफा सुचवतो. 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या संशोधिकांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात एक प्रयोग केला. एका गटातील वृद्धांनी आपापले रोप निवडले व त्याची निगाही स्वतःच राखली. दुसऱ्या गटाला रोपे मिळाली, पण पाणी परिचारिका घालीत. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातील माणसे अधिक सजग व आनंदी दिसली. प्रयोग लहान होता, त्याच्या पुढील निष्कर्षांवर आक्षेपही घेतले गेले. तरीही त्यातील एक बाब मला दवाखान्यात रोज पटते : माणसाला सेवेइतकीच जबाबदारीही लागते. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, आजोबांना पाणी घालायला उशीर झाला तरी आपण झारी उचलू नये.

आता दिवा कशासाठी? माझ्या एका रुग्णाने खिडकीपासून दूर, टेबलावर ट्रेमध्ये मेथी पेरली. आठवड्याने ते म्हणाले, “डॉक्टर सायेब, मेथी उगवली, पण उभी राहिना.” पाने फिकट, दांडे दोऱ्यासारखे लांब. बी खराब नव्हते. उजेड अपुरा असला की रोप आपली सारी शिदोरी उंची वाढवण्यात खर्च करते आणि शेवटी मान टाकते. दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश सुमारे 1,00,000 लक्स असतो, तर ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत जेमतेम शे-तीनशे. आपला डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवत नाही. रोपाला तो जाणवतो.

बाजारात जांभळ्या उजेडाचे खास ‘ग्रो लाइट’ मिळतात. पानातील हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषते, हे त्यामागचे शास्त्र खरे आहे. परंतु साध्या पांढऱ्या एलईडीतही हे दोन्ही रंग असतात. मुळात तो निळाच दिवा असून वरच्या पिवळ्या लेपामुळे पांढरा दिसतो. घरासाठी मी पांढराच दिवा सांगतो. जांभळ्या उजेडात पानावरचा रोग दिसत नाही, आणि त्याच खोलीत औषधे घेणाऱ्याला गोळीचा रंगही ओळखता येत नाही.

चार फूट रुंदीची लोखंडी मांडणी घ्यावी. तिच्या ज्या फळीवर ट्रे ठेवायचे, ती जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असावी, म्हणजे खुर्चीत बसून हात पोहोचतो. वॉकर वापरणाऱ्याचे दोन्ही हात उभे असताना अडकलेले असतात. उभ्याने पाणी घालणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. वरच्या फळीला साखळीने चार फुटी, 20 वॅटच्या दोन एलईडी बॅटन शेजारीशेजारी टांगाव्यात. खोक्यावर 6500 केल्विन किंवा ‘कूल डे-लाइट’ असे छापलेले असते. पानांच्या शेंड्यापासून दिवा 15 ते 20 सेंटिमीटरवर ठेवावा आणि रोप वाढेल तशी साखळी वर घ्यावी. मागे व बाजूंना पांढरा कार्डशीट लावला की वाया जाणारा उजेड पानांवर परततो. समोर पुठ्ठ्याची एक झालर सोडावी, म्हणजे खुर्चीतील माणसाच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही. मोतीबिंदू असलेल्यांना ती फार त्रास देते. प्लगचा टायमर सकाळी सहा ते रात्री आठ असा लावावा. दोन्ही दिवे चौदा तास चालले तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी अधिक, महिन्याला सुमारे 17 युनिट वीज लागते. रात्रभर दिवा ठेवण्याचा मोह नको. वृद्धांची झोप आधीच हलकी असते, आणि उजेड झोपेचे संप्रेरक दाबतो.

विजेच्या बाबतीत मात्र हौस आवरावी. जुने बल्ब फोडून किंवा सुट्या एलईडी पट्ट्या आणून नातवंडे असे दिवे बनवतात. त्यांतील काही स्वस्त पट्ट्यांवर वीज नियंत्रित करणारे भाग त्याच पत्र्यावर असतात आणि तेथे थेट घरातील 230 व्होल्ट खेळत असतात. ओल्या हाताचा स्पर्श तेथे जीवघेणा ठरू शकतो. बंदिस्त बॅटनच घ्यावी, मांडणीला अर्थिंग वायरमनकडून करून घ्यावे, आणि घरात आरसीसीबी नसेल तर ती बसवावी. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी गळती होताच प्रवाह तोडते. वायर भिंतीलगत बांधावी, चालण्याच्या वाटेवर नको. सॉकेटपूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये न शिरता तेथेच गळून पडते.

काय लावावे? मेथी, कोथिंबीर, पुदिना, लसणाची पात. टोमॅटो-मिरचीला याहून बराच अधिक उजेड लागतो. त्यांच्या वाट्याला जाऊ नये. बी मात्र स्वयंपाकघरातील डब्यातलेच घ्यावे. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्याकडे घरोघरी पेरणीच्या बियाण्यांची उरलेली पाकिटे सापडतात. त्या बियांवर बहुधा बुरशीनाशकाचा रंगीत लेप असतो. शेतात तो उपयोगी. दहा-बारा दिवसांत कापून खायच्या कोवळ्या मेथीसाठी ते बी अजिबात वापरू नये.

कोवळी पाने कच्ची न खाता शिजवून खावीत, विशेषतः सत्तरीपुढच्या, मधुमेही व दुबळ्या माणसांनी. 2011 मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूंची मोठी साथ आली, पन्नासच्या आसपास माणसे दगावली. तपास मेथीच्या कच्च्या मोडांपर्यंत पोहोचला. बी रुजवणारी ऊब व ओल जंतूंनाही मानवते.

वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारोल ही रक्ताची गुठळी रोखणारी गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकाएकी वाढवू नये, एकाएकी बंदही करू नये. पानांतील के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते; रोजचे प्रमाण सारखे ठेवावे व डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमचा प्रश्न आधी विचारून घ्यावा.

आणखी एक गैरसमज वारंवार कानी येतो. या दिव्यापाशी बसल्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. ते त्वचेत तयार होण्यास लागणारे अतिनील किरण या दिव्यात नसतात. मेथीचे काम दिव्यावर भागते; आजीला हिवाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर न्यावेच लागते.

ट्रेखालच्या थाळीतील पाणी दर दोन दिवसांनी ओतून थाळी घासावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. ओतलेले पाणी बाहेरच्या झाडाला घालावे. वीज गेली तर रोपांची काळजी नको, एखादा दिवस अंधार ती सोसतात. हे दिवे इन्व्हर्टरवर मुळीच जोडू नयेत. ती वीज पंख्यासाठी आणि न्हाणीघराच्या वाटेवरील रात्रीच्या दिव्यासाठी राखावी.