आरागिरणी, फिरती
ओंडका गिरणीपर्यंत न नेता तो पडला असेल तेथेच चिरणारे, चाकांवरून नेता येणारे यंत्र. स्थिर गिरणीत बहुधा ओंडका करवतीकडे सरकवितात. येथे ओंडका चौकटीवर पक्का बसवितात व पट्ट-करवत रुळांवरून पुढे जाते.

चौकटीच्या मापाबाहेरचा ओंडका चढविताना गंभीर अपघात संभवतात. १ मी. व्यासाच्या व ३ मी. लांबीच्या ओंडक्याचे घनफळ सु. २·३५ घ. मी. असते; ओल्या लाकडाचे वजन घ. मी.ला ९०० किग्रॅ. धरल्यास ते दोन टनांवर जाते. पहारीने ढकलताना टेकू निसटल्यास तो उताराकडील माणसावर येतो व हातांनी थोपविता येत नाही; म्हणून त्या बाजूस कोणीही उभे राहू नये. असा ओंडका आधी पाचरांनी उभा फोडावा. फळ्या अरुंद निघतात, हे मात्र वखारवाल्यास रुचत नाही.

धुळ्यातील पांझरेपलीकडचे देवपूर आणि एकूणच खानदेश येथे रस्त्याकडेच्या वा बांधावरच्या कडुनिंबात, चिंचेत जुने खिळे व तारा रुतलेल्या असू शकतात. त्यांवर आदळून पाते तुटते. चिरण्यापूर्वी साल काढून ओंडका तपासतात तो यासाठीच.