सिझेरियन : सही करण्यापूर्वी



आपल्या मंडळात कुणाकडे बारसं असलं की पेढ्यांबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सिझर करावं लागलं." आमच्या सुनेच्या वेळीही तसंच झालं. दवाखान्याने कागद पुढे केला, मुलाने सही केली, आम्ही मान डोलावली. बँकेत पन्नास हजारांच्या कर्जालाही दहा कागद तपासणारे आम्ही, त्या दिवशी कारणसुद्धा विचारलं नाही.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशात सिझेरियनचं प्रमाण १७.२ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्के झालं. महाराष्ट्रात तेव्हा ते २५.४ टक्के होतं. खरा फरक मात्र दवाखान्यात आहे : देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की एकूण लोकसंख्येत हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालकांचे मृत्यू आणखी कमी होत असल्याचं दिसत नाही.

मग प्रमाण का वाढतं? नैसर्गिक बाळंतपणाला बारा-चौदा तास थांबावं लागतं, शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते आणि बिलही मोठं होतं. बऱ्याच गट-विम्यांत सिझेरियनची मर्यादा जास्त असते. शिवाय मुहूर्त काढून देणारे आपण वडीलधारेही आहोतच.

हा पैशाचा भाग गुजरातने २००५ च्या चिरंजीवी योजनेत ओळखला होता. खासगी डॉक्टरांना शंभर बाळंतपणांमागे ठरावीक रक्कम, मग ते नॉर्मल असो वा सिझर. शस्त्रक्रिया करून जादा मिळकत नाही.

बाळ आडवं असेल, ठोके कमी होत असतील, वार खाली असेल, तर सिझेरियन जीव वाचवतं. तिथे वेळ घालवू नये. पण गरज नसताना केलेल्या पहिल्या सिझरमुळे पुढच्या खेपेलाही सिझरच होण्याची शक्यता वाढते, आणि जुन्या व्रणावर वार चिकटून जास्त रक्तस्राव होण्याचा धोकाही.

सरकारी सोय आपण विचारातच घेत नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसह, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचं वाहनही. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. गर्दी असते, हे खरं. पण हजीऱ्याहून शहर लांब, म्हणून कुठे जायचं ते आठव्या महिन्यातच ठरवावं आणि १०८ लक्षात ठेवावा. लेक पहिल्या बाळंतपणाला खानदेशात माहेरी जाणार असेल तर ममता कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत द्यावेत. ही मोफत सोय तिकडेही आहे.

सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : कारण काय? आत्ताच करायला हवं का? थांबलो तर बाळ-बाळंतिणीला धोका काय? चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत. आणि उत्तर ऐकायला सूनबाईला, लेकीला पुढे बसवा. शरीर तिचं आहे, निर्णयही तिचाच.

आम्ही विचारलं नाही. तुम्ही विचारा.