निर्जीवांना फुटलेली वाचा

बाजारात कोथिंबिरीची जुडी घ्यावी, पैसे देण्यासाठी खिशातला मोबाईल काढून काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या त्या चौकोनी चित्रासमोर धरावा, आणि तोच टोपलीच्या कडेला ठेवलेल्या डबीतून "वीस रुपये प्राप्त झाले" असा खणखणीत आवाज यावा, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना आता नवा राहिलेला नाही. भाजीवाली मावशी मान वर करूनही पाहत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून नव्हे, तर त्या डबीच्या शब्दावर ती जुडी पिशवीत टाकते. माणसापेक्षा डबीवर अधिक विश्वास बसावा असे त्या डबीत आहे तरी काय, हा प्रश्न मनात आला, आणि त्यातूनच प्रस्तुत लेख लिहिण्याचा आम्हांला मोह झाला.

डबी उघडून पाहिली तर आत फारसे काही नसते. मोबाईलमध्ये असते तसे एक सिमकार्ड, एक लहानसा कर्णा आणि एक बॅटरी, एवढेच काय ते तिचे भांडवल. गिऱ्हाइकाच्या बँकेतून मावशीच्या बँकेत पैसे गेले, की ज्या कंपनीची ती डबी असते त्या कंपनीला वर्दी पोहोचते, आणि कंपनीचे दूरवरचे संगणक त्या नेमक्या डबीला निरोप धाडतात. हे सारे दोनचार सेकंदांत उरकते. 2016 साली 'यूपीआय' ही पद्धत देशात सुरू झाली तेव्हा अशा डब्या नव्हत्या. विक्रेत्याला दर वेळी मोबाईल उघडून संदेश वाचावा लागे. वडे तळणाऱ्याचे हात तेलाने माखलेले, कोळणीचे हात ओले. त्यांनी तो कसा उघडावा? त्यातच जुन्या व्यवहाराचे चित्र दाखवून फुकट माल नेणारे भामटेही निघाले. तेव्हा विक्रेत्याच्या कानाशी उभे राहून खरे सांगणारा एक मुनीम हवा होता, आणि दरमहा थोड्या भाड्यावर तो मिळाला. मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषा येणारा हा मुनीम आहे, आणि आमच्यासारख्या सीमाभागात हा गुण काही लहानसहान नव्हे.

या विद्येचा आरंभ मात्र एका अगदी साध्या, किंबहुना काहीशा आळशी गरजेतून झाला. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन नावाचे विद्यापीठ आहे. तेथील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शीतपेयाच्या यंत्रापर्यंत पायपीट करून जावे लागे, आणि गेल्यावर बाटल्या तरी संपलेल्या असत किंवा नुकत्याच भरल्यामुळे कोमट तरी असत. 1982 च्या सुमारास त्यांनी त्या यंत्राला बारीक कळी बसवून ते संगणकाशी जोडले. कोणत्या रकान्यात बाटली आहे आणि ती थंड होण्याइतका वेळ आत राहिली आहे की नाही, हे त्यांना बसल्या जागी कळू लागले. पुढे 1999 साली केव्हिन अ‍ॅश्टन या इंग्रज गृहस्थांनी या कल्पनेला 'वस्तूंचे इंटरनेट' असे नाव दिले. ते एका मोठ्या कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचे काम पाहत, आणि ओठांना लावायचा एक विशिष्ट रंग दुकानांच्या फळ्यांवरून वारंवार संपलेला असे. तो संपल्याचे त्या फळीनेच का कळवू नये, असा त्यांचा प्रश्न होता. तोवर संगणकाला जे काही कळे ते माणसाने टंकून सांगितलेले असे. आता वस्तूंनीच आपापली खबर द्यावी, असा हा विचार होय.

आमच्या चर्चच्या मनोऱ्यातील घंटाही दोरी ओढताच साऱ्या गावाला एकदम वर्तमान देते. पण घंटा सांगते, ऐकत नाही. नवी वस्तू सांगतेही आणि ऐकतेही, आणि तिने ऐकलेले कोठे जाते हे तिच्या मालकाला पुष्कळदा ठाऊक नसते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, म्हणजे पुढील विवेचन सोपे जाईल.

या वस्तूंचा सर्वांत मोठा उपकार आम्ही शेतात पाहिला आहे. शेतीच्या पंपांना वीज पाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला मध्यरात्री उठून विहिरीवर जावे लागते. बांधावर साप, उसात कोल्हे आणि हल्ली बिबटेही. वरून पाऊस, आणि ओल्या हातांनी स्टार्टर दाबायचा! इतके करून तेथे पोहोचावे तो वीज गेलेली असावी. यावर उपाय म्हणून पुष्कळांनी वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा 'ऑटो स्विच' बसवून घेतला. पण मग वीज येताक्षणीच एका डीपीवरचे सारे पंप एकदम धडधडू लागले, आणि तो भार डीपीला सोसवेना. डीपी जळाली की आठआठ दिवस सगळ्यांचेच पीक वाळायचे. एकाची सोय साऱ्या शिवाराच्या मुळावर येते ती अशी.

पुण्याचे अभियंते श्री. संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची ही रात्रीची पायपीट तरुणपणी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' नावाचे यंत्र तयार केले. शेतकऱ्याने घरून फोन लावायचा. शेतात वीज आहे की नाही हे यंत्र आवाजावरून कळवते, आणि आज्ञा मिळताच पंप सुरू करते. नोकिया कंपनीने 2009 साली नव्या कल्पनांसाठी घेतलेल्या स्पर्धेत या यंत्राला पारितोषिक मिळाले. आज अशा जातीची यंत्रे अनेक कारखानदारांची मिळतात. एका शेतकऱ्याला आम्ही विचारले, "या यंत्राने तुमचा काय फायदा झाला?" पाणी वाचले, बिल वाचले असे काही उत्तर मिळेल अशी आमची अपेक्षा होती. तो म्हणाला, "फादर, बायको रात्री झोपते." नवरा परतेपर्यंत दाराशी कंदील धरून बसणाऱ्या स्त्रियांची गणना कोणत्याही अहवालात आम्हांला आढळलेली नाही.

तथापि येथेही एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. पायपीट होती तोवर माणूस पाणी पाजून परत येताना पंप बंद करूनच येई. आता अंथरुणातून पंप सुरू होतो, आणि झोप लागली तर पहाटेपर्यंत चालू राहतो. वेळ लावून देण्याची सोय यंत्रात असते. ती वापरण्याइतका विचार मात्र आपला आपणच करावयाचा आहे.

विजेचा विषय निघालाच आहे, तर घरच्या मीटरकडेही पाहू. 2021 साली केंद्र सरकारने जी योजना जाहीर केली तिच्यात देशभर पंचवीस कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. हा मीटर घरातील विजेचा वापर ठरावीक वेळाने स्वतःच कळवतो, आणि आगाऊ पैसे भरण्याची पद्धत असेल तर पैसे संपताच कार्यालयातूनच वीज तोडता येते. 2024 च्या मे महिन्यात वडोदऱ्यात यावरून केवढा गदारोळ माजला, हे तेथील आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. पैसे भराभर संपतात अशी लोकांची तक्रार होती. अखेर नव्या मीटरशेजारी पडताळणीसाठी जुन्या पद्धतीचा मीटरही लावण्याचे सरकारला मान्य करावे लागले. आमच्या मते मीटर किती अचूक आहे एवढाच हा प्रश्न नव्हता. हातावर पोट असलेल्या घरात बिल आल्यानंतर पैसे भरण्यास जी थोडी मुदत मिळे, त्या मुदतीवर कित्येक संसार तगून असतात. एखाद्या आठवड्याची मजुरी बुडाली तर कारकुनापुढे जाऊन चार दिवस मागून घेता येत असत. संगणकापुढे हात जोडता येत नाहीत.

आणि दारोदार फिरून मीटरचे आकडे टिपणारा तो मुलगा? त्याचे काय झाले? कंत्राटावर, तुटपुंज्या पगारावर का होईना, तो काम करीत होता. कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, कोणत्या घराला कुलूप लागले आहे, हे त्याला ठाऊक असे. 1891 साली तेरावे लिओ या परमगुरुस्वामींनी कामगारांच्या स्थितीवर आपले सुप्रसिद्ध परिपत्रक काढले, तेव्हा गिरण्यांची चाके कोणाला चिरडीत आहेत हे पाहणे ख्रिस्तसभेचे कर्तव्य आहे, हीच भूमिका त्यामागे होती. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या परमगुरुस्वामींनी चौदावे लिओ हे नाव धारण केले, आणि त्याचे कारण सांगताना त्या परिपत्रकाचा व आजच्या बुद्धिमान यंत्रांचा एकत्र उल्लेख केला. मीटरवाल्या मुलाचे नाव त्यात नसेल. पण विषय त्याचाच आहे असे आम्ही समजतो.

व्यापारउदिमातील बदल तर फार खोल आहे. पूर्वी वस्तू विकली की विकणाऱ्याचा आणि तिचा संबंध संपे. आता तो संपतच नाही. रोल्स-रॉइस कंपनीची विमानाची इंजिने आकाशात असतानाच आपल्या प्रकृतीची बातमी खाली धाडीत असतात, आणि विमान जितके तास उडेल तितक्या तासांचे पैसे कंपनीला द्यायचे असेही करार होतात. हे विमानाला शोभते, कारण बिघाड आधी कळला तर प्रवाशांचे प्राण वाचतात. परंतु तीच रीत घरगुती वस्तूंना लागू झाली की काय होते ते पाहा. रिव्हॉल्व्ह नावाचे एक यंत्र अमेरिकेत तीनशे डॉलरला मिळे. घरातील दिवे, कुलुपे इत्यादी त्यावरून चालत. ते बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि 2016 साली नव्या मालकाने त्यामागील संगणक बंद केले. रोख पैसे मोजून घेतलेली ती यंत्रे एका दिवसात निरुपयोगी झाली. लहानपणी ऐकलेल्या कहाणीत राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असे. वस्तू आमच्या फडताळात आणि तिचा प्राण परक्याच्या पिंजऱ्यात, असा हा प्रकार आहे. म्हणून अशी वस्तू घेताना दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: इंटरनेट नसले तर ही चालेल काय?

दुसरी एक दक्षता घरोघरी घेतली पाहिजे. 2016 साली 'मिराई' नावाच्या एका दुष्ट प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे व तत्सम उपकरणे लाखांच्या संख्येने आपल्या ताब्यात घेतली. त्यासाठी त्याला कोणतीही मोठी विद्या लागली नाही. कारखान्यातून येताना जो सांकेतिक शब्द असतो तोच लोकांनी तसाच ठेवला होता, आणि असे सुमारे साठ नावा-शब्दांचे जोड आळीपाळीने वापरून पाहण्याइतकीच त्याची हुशारी होती. त्या वर्षीच्या 21 ऑक्टोबरला या गुलाम उपकरणांच्या फौजेने एकाच वेळी केलेल्या भडिमारामुळे अमेरिकेत ट्विटरसारख्या मोठमोठ्या सेवा काही तास लोकांना मिळेनाशा झाल्या. ज्यांच्या भिंतीवरचे कॅमेरे त्या फौजेत सामील होते, त्या भल्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. सबब, ज्यांनी घरी कॅमेरा किंवा वायफायचे यंत्र बसवले असेल त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी तो शब्द बदलावा. मुलाबाळांपैकी कोणीतरी करून देईल.

कॅमेऱ्याचा विषय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो आमच्या अनेक घरांचा विषय आहे. मुले आखातात, गोव्यात किंवा पुण्यात, आणि घरी एकटी आई. काही महिन्यांपूर्वी एका रात्री नवाच्या सुमारास कुवेतहून आम्हांला फोन आला. "फादर, कॅमेऱ्यात सगळा काळोख दिसतोय, आई फोनही उचलत नाही." आवाज कापत होता. त्याचे वडील दीड वर्षापूर्वी रात्री पडवीत पडले होते आणि सकाळपर्यंत कोणाला कळले नव्हते. त्यानंतरच त्याने तो कॅमेरा बसवला होता. आम्ही तसेच निघालो. दार आजींनीच उघडले. त्या खडखडीत होत्या. हातात जपमाळ होती, फोन स्वयंपाकघरात राहिला होता, आणि कॅमेऱ्यावर एक पंचा नीट घडी करून टाकलेला होता.

"काय करू फादर," त्या म्हणाल्या, "महिनाभर सोसलं. लुगडं बदलायचं तर न्हाणीत जायचं. जेवायला बसले की तो तिकडून विचारतो, आई भात एवढाच का घेतलास? आज म्हटलं, देवाशी बोलताना तरी कुणी बघू नये."

सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि 2023 साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने केला. परंतु कोणी केवळ घरगुती कामासाठी जे करतो त्याला तो कायदा लागू होत नाही. आईच्या खोलीत मुलाने लावलेल्या कॅमेऱ्याची दाद कोठे मागावी? तेथे चौथी आज्ञा लागू पडते, आणि गंमत अशी की, मुलगाही त्याच आज्ञेपोटी तो कॅमेरा लावून बसला होता. आम्ही दोघांशीही बोललो. मुलाला थोडा राग आला, रडूही आले. फोन ठेवण्यापूर्वी तो एवढेच म्हणाला, "पण बाबांसारखं पुन्हा व्हायला नको."

आता तो कॅमेरा बाहेर ओटीवर आहे. आत आजींच्या पलंगाशी आणि न्हाणीच्या दाराशी एकेक बटण बसवले आहे. दाबले की मुलाचा आणि शेजाऱ्यांचा असे दोन्ही मोबाईल वाजतात. अजून एकदाच वाजले, तेही चाचणी म्हणून. ओटीवरच्या कॅमेऱ्याला कर्णा असल्याचे आजींना नंतर समजले, आणि त्याचा त्यांनी स्वतःच शोधलेला उपयोग आम्ही परवा पाहिला. अंगणात सांडगे वाळत घातले होते, आजी आत पोळ्या लाटीत होत्या, आणि कावळे उतरताच कुवेतहून मुलगा मोठ्याने "हाड् हाड्" करीत होता.