येरवड्याचे सूत

उन्हाळ्यात रोज थोडी सूतकताई करावी, असे ज्या वाचकांच्या मनात असेल त्यांनी येरवड्याचे स्मरण अवश्य करावे. आपल्याकडील धनगर मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातीत असे. येरवड्याच्या कारागृहात गांधीजी कापूस कातीत. ५ मे १९३० रोजी, ऐन वैशाखात, त्यांना तेथे आणण्यात आले. त्या स्थानाला ते ‘येरवडा मंदिर’ म्हणत. तेथील वास्तव्यातच पेटीचरख्याला रूप आले आणि ‘येरवडा चक्र’ हे नाव त्याला लाभले. एक चाक मोठे, एक लहान. त्यांच्या जोडीने चाती वेगाने फिरते आणि सारा चरखा मिटून पेटीत मावतो. प्रवासातही नेम चुकावयास नको!

छंद हा शब्द मात्र गांधीजींना अपुरा वाटला असता. ते कातण्याला यज्ञ म्हणत.

कोरड्या हवेत कापसाचे सूत लवकर तुटते, म्हणून उन्हाळ्यात प्रातःकाळ बरा. प्रारंभी सूत जाडबारीक येते. त्याची खंत नसावी. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. सामायिकाला जसे ४८ मिनिटांचे माप, तसे कातणाऱ्याला हे.

१९४२ मध्ये गांधीजी पुन्हा येरवड्यास आले, ते आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत. कस्तुरबाही तेथेच होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला. अंत्यसंस्कारापूर्वी त्यांना साडी नेसविण्यात आली, ती बापूंनी स्वतः कातलेल्या सुताची.